प्रॉक्समॉक्सवर आणलेल्या व्हीएमला डिस्क कंट्रोलर कुठला द्यावा: साटा, व्हर्टआयओ ब्लॉक की व्हर्टआयओ स्कझी?

खटपट्या:
ईएसएक्सआय या व्हीएमवेअरच्या प्रणालीवरची दोन आभासी मशिनं (व्हीएम) प्रॉक्समॉक्स ८ या तशाच प्रणालीवर आणली आहेत. स्टोरेज एलव्हीएम-थिन, म्हणजे लागेल तेवढीच जागा घेणारा पूल.
पहिलं विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर एसक्यूएल सर्व्हर, डिस्क तीन (सिस्टिम, डेटा, लॉग). तिकडे कंट्रोलर एलएसआय लॉजिक सॅस होता. इथे साटावर लावलं की चालू होतं, स्कझीवर लावलं की निळा पडदा: इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस.
दुसरं रॉकी लिनक्स ८, तिकडे पीव्हीस्कझी या व्हीएमवेअरच्या कंट्रोलरवर होतं. ते थेट ड्रॅकटच्या (बूटची सुरुवातीची फाइल बनवणारं साधन) इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसतं.
चालतंय तर साटावरच ठेवू का? आणि व्हर्टआयओ, म्हणजे खास आभासी मशिनांसाठीच्या हार्डवेअरमध्येही दोन प्रकार दिसतात, त्यातला कुठला?

नोडवाले:
साटावर ठेवू नका, निदान एसक्यूएलचं मशीन तरी. साटा म्हणजे जुन्या चिपसेटची हुबेहूब नक्कल. रांगेत एका वेळी ३२ कमांड, आणि त्या डिस्कला आयओ थ्रेड (वाचन-लेखनाचा स्वतंत्र धागा) देता येत नाही, सगळं काम क्यूएमयूच्या (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) मुख्य लूपमधून जातं. रात्री बॅकअप लागला की अख्खं मशीन अडखळतं. आयडीईचं तर नावच नको.

कंट्रोलर ‘व्हर्टआयओ स्कझी सिंगल’ ठेवा, डिस्कची बस ‘स्कझी’, आणि प्रत्येक डिस्कवर आयओ थ्रेड व डिस्कार्ड या दोन्ही खुणा करा. ‘सिंगल’मध्ये प्रत्येक डिस्कला स्वतःचा कंट्रोलर मिळतो, म्हणून थ्रेडही वेगळा. तुमची लॉग आणि डेटा डिस्क वेगळी आहे, त्याचा फायदा इथेच होतो. डिस्कार्ड नसेल तर विंडोजमध्ये फाइली पुसल्या तरी थिन पूलमधली जागा परत मिळत नाही.

निळ्या पडद्याचं कारण साधं आहे. बूट होताना विंडोज फक्त ‘बूट-स्टार्ट’ म्हणून नोंदलेले ड्रायव्हर उचलतं, आणि व्हर्टआयओ स्कझीची तशी नोंद अजून झालेलीच नाही. ती करून घ्यायची अशी:

सिस्टिम डिस्क साटावरच राहू द्या. सोबत १ जीबीची कोरी डिस्क स्कझी बसवर जोडा आणि व्हर्टआयओ-विनची (विंडोजसाठीचे व्हर्टआयओ ड्रायव्हर) आयएसओ सीडी म्हणून लावा. चालू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचा ‘स्कझी कंट्रोलर’ दिसेल. त्याला सीडीवरच्या ‘व्हीआयओस्कझी’ फोल्डरमधला २०१९ चा ६४-बिट ड्रायव्हर द्या. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबी दिसली की अर्धी लढाई जिंकली. मग नीट शटडाउन करा, हार्डवेअर टॅबमध्ये साटाची डिस्क डिटॅच करा, ‘अनयूज्ड डिस्क’वर डबल क्लिक करून स्कझी ० वर जोडा. ऑप्शन्समधला बूट ऑर्डर पुन्हा लावायला विसरू नका, डिटॅच केल्यावर ती डिस्क यादीतून निघून जाते. कोरी डिस्क नंतर काढून टाका.

एक हमखास होणारी चूक: कोरी डिस्क ‘व्हर्टआयओ ब्लॉक’ बसवर जोडली जाते. मग बसतो व्हीआयओस्टोअर ड्रायव्हर, आणि सिस्टिम डिस्क स्कझीवर नेल्यावर पुन्हा तोच निळा पडदा. दोन बस, दोन वेगळे ड्रायव्हर.

रात्रपाळी:
एवढी उठाठेव कशाला? ईएसएक्सआयवर असतानाच व्हर्टआयओचा इन्स्टॉलर चालवून घ्यायचा.

नोडवाले:
चालवा की, पण तेवढ्यावर विसंबू नका. समोर हार्डवेअर नसताना ड्रायव्हर फक्त साठ्यात जाऊन पडतो. कंट्रोलर एकदा डोळ्यांसमोर आला की मगच बूटसाठी पक्का होतो. ईएसएक्सआयवर असतानाच करायचं खरं काम वेगळं आहे: व्हीएमवेअर टूल्स तिकडेच काढा, इकडे आल्यावर त्याचा अनइन्स्टॉलर अडून बसतो.
आणि ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश आला तर तो कंट्रोलरचा दोष नव्हे. मूळ मशीन ईएफआयवर (बूटची नवी पद्धत) असेल तर इथे बायोसमध्ये ओव्हीएमएफ, म्हणजे त्याच पद्धतीचा पर्याय निवडावा लागतो.

ग्रबमास्तर:
रॉकीचं मी सांगतो. रेड हॅट घराण्यात ड्रॅकट ‘होस्ट-ओन्ली’ पद्धतीने चालतं, म्हणजे समोर असलेल्या हार्डवेअरपुरतेच ड्रायव्हर इनिटरॅमएफएस या बूटच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये भरतं. तुमच्यात पीव्हीस्कझीचा आहे, व्हर्टआयओचा नाही. ग्रबच्या (बूट मेनू) यादीत तळाशी ‘रेस्क्यू’ नावाची नोंद असते, तिच्यात सरसकट ड्रायव्हर असतात. तिथून बूट करा आणि ड्रॅकटला ‘रीजनरेट-ऑल’ व ‘फोर्स’ हे दोन पर्याय देऊन एकदा चालवा. पुढच्या बूटला प्रश्न मिटतो. डेबियनवर बहुधा हे लागतच नाही, तिथे डीफॉल्टनेच बहुतेक ड्रायव्हर भरलेले असतात.
नेटवर्क गेलं तर घाबरू नका. इंटरफेसचं नाव ईएनएस१९२ चं ईएनएस१८ होतं, जुनी कॉन्फिग जुन्याच नावावर असते.

खटपट्या:
दोन्ही मशिनं स्कझीवर चालू झाली, आभार! पण एसक्यूएल सर्व्हिस उठत नाही. डेटा आणि लॉगचे ड्राइव्हच गायब आहेत.

नोडवाले:
गायब नाहीत, ऑफलाइन आहेत. विंडोज सर्व्हरची सॅन पॉलिसी (नव्या दिसलेल्या डिस्कचं काय करायचं तो नियम) नव्या बसवरच्या डिस्क आपणहून ऑनलाइन आणत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक करून ऑनलाइन करा. रीड-ओन्ली राहिल्या तर डिस्कपार्टमध्ये डिस्क निवडून तो ॲट्रिब्यूट काढा. ड्राइव्हची अक्षरं पूर्वीचीच आहेत ना ते बघून मग एसक्यूएल उठवा.

ग्रबमास्तर:
ब्लॉक की स्कझी हे राहिलंच. ब्लॉकचा मार्ग थोडा आखूड, त्यामुळे लेटन्सी किंचित कमी. पण प्रॉक्समॉक्सवर ब्लॉकच्या १६ च डिस्क लागतात, स्कझीच्या ३१. एसएसडी एम्युलेशनची खूणही ब्लॉकला मिळत नाही. शिवाय लिनक्समध्ये ब्लॉकवर डिस्कचं नाव ‘एसडीए’चं ‘व्हीडीए’ होतं. एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या डिस्कची यादी) यूयूआयडीऐवजी (न बदलणारा ओळख क्रमांक) नाव लिहिलेलं जुनं मशीन तिथे अडकतं.