एका दाढेसाठी इम्प्लांट करावा का?

माजघर (धागाकर्ती)
दोन वर्षांपूर्वी माझी खालची उजवी दाढ गेली. रूट कॅनाल झालेली, कॅप बसवलेली. सुपारीच्या खांडावर उभी चिरली. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला नकली दात, केला तर पंधरा दिवसांत मोकळी, पण शेजारचे दोन धडधाकट दात चहूबाजूंनी घासून बारीक करायचे. इम्प्लांटला, म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायला, पाच-सहा महिने आणि खर्च बराच जास्त. मी इम्प्लांट केला. आज ठामपणे सांगते, एकच दात गेला असेल तर ब्रिज करूच नये.

लोक ड्रिलला घाबरतात. मला दाढ काढताना झाला त्याहून कमी त्रास झाला. दोन दिवस गाल सुजला, बर्फ लावला, गुरगुट्या भात खाल्ला. कंटाळा आला तो थांबण्याचा. स्क्रू हाडात धरेपर्यंत साडेतीन महिने हिरडीत नुसती धातूची टोपी. कॅप बसली, पुढच्या आठवड्यात भाजलेलं कणीस खाल्लं, उजव्या बाजूनेच.

रानजाई
"करूच नये" हे पटलं नाही. सासरे, आमचे अण्णा, ७१ वर्षांचे, वीस वर्षांची शुगर. वरच्या मागच्या दाढांच्या जागी दोन इम्प्लांट बसवले. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) कुणी विचारलं नाही, तंबाखूबद्दलही नाही. पाचव्या महिन्यात एक बोटाने हलायला लागला. दवाखान्याचं उत्तर, "तुमच्या हाडानेच धरलं नाही." पैसे गेलेच, पण त्याहून लागलं ते वेगळंच. अण्णा तेव्हापासून म्हणतात, माझंच हाड नासकं. माझ्या आईने काढघाल करायच्या कवळीवर अठरा वर्षं चकल्यासुद्धा खाल्ल्या. म्हाताऱ्या माणसाला हाडात स्क्रू कशाला?

घाटवाट
मी दंतवैद्य, २६ वर्षं प्रॅक्टिस. तुम्ही दोघी दोन वेगळ्या जबड्यांबद्दल बोलताय. खालचं हाड घट्ट असतं. वरच्या मागच्या भागात ते मऊ, आणि त्याच्या वर सायनसची पोकळी. दात जाऊन वर्षं लोटली की तिथलं हाड झिजतं, स्क्रूला उंचीच उरत नाही. म्हणून आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमितीय स्कॅन, गरज पडली तर सायनस लिफ्ट, म्हणजे सायनसचा तळ उचलून खाली हाड भरणं.

थांबण्याचं कारणही समजून घ्या. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९५०च्या दशकात सशांच्या हाडात टायटॅनियमची उपकरणं बसवली होती. ती नंतर निघेचनात, हाड त्यांना चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर इम्प्लांट झाले. ते चिकटणं हाडाच्या गतीनेच होतं. शुगर चढलेली असली किंवा तंबाखू चालू असली की बिघडतं. हे आधी विचारणं डॉक्टरचं काम. ते न विचारता हाडाला दोष देणं चूक, हे अण्णांना माझ्यातर्फे जरूर सांगा.

माजघर, शेजारच्या दातांवर आधीच कॅप किंवा मोठं फिलिंग असेल तर मी आजही ब्रिजच सुचवतो.

माजघर
हे मान्य. माझं वाक्य "शेजारचे दात निरोगी असतील तर" असं वाचा. कवळीचं मात्र पटत नाही. माझ्या आत्याचं खालचं हाड इतकं झिजलं की कवळी बोलतानाही उचलते. ती लग्नाच्या पंगतीत बसायचीच बंद झाली. शुगर आटोक्यात असेल तर खाली दोन इम्प्लांट घेऊन त्यावर कवळी अडकवता येते, वय आडवं येत नाही.

रानजाई
आत्यांचं वाचून वाईट वाटलं. तरी पैशांचं काय? आमच्या मेडिक्लेममध्ये अपघात सोडून दातांचं काहीच बसत नाही. हप्त्यांवर करून घेतलेला स्क्रू हलला तरी हप्ते चालूच.

घाटवाट
म्हणून सही करण्याआधी दुसरं मत घ्या. मुंबईत असाल तर नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे. आणि प्रत्येक इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनी, माप आणि लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते फाइलमध्ये लावून घ्या. पुढे दुसऱ्या डॉक्टरला कॅपचा स्क्रू उघडायचा झाला तर कुठलं साहित्य लागेल ते त्यावरून कळतं. अण्णांचा उरलेला इम्प्लांटही तपासून घ्या. हिरडीतून रक्त येतंय का?

रानजाई
ब्रश करताना येतं, आम्ही दुर्लक्ष करत होतो. आत्ताच फाइल काढून बघितली, बिल आहे, एक्सरे आहे, स्टिकर नाही. सोमवारी जाऊन मागते, अण्णांनाही घेऊन जाते.