अ‍ॅनिमोन पांढरा का पडतोय?

मालवणी_पोरगो: समुद्री अ‍ॅनिमोन (खडकाला चिकटून राहणारा फुलासारखा प्राणी) दुकानातून आणला तेव्हा मस्त तपकिरी होता, 3 आठवड्यात पार पांढरा. खाऱ्या पाण्याचा टँक 2 महिन्यांचा, साधी एलईडी पट्टी, पाणी किनाऱ्यावरून कॅनने आणतो. मेला का?

खाडीकाठ: अरे मेला नाही. त्याच्या अंगात बारीक शैवाल राहतं, झूझँथेली म्हणतात, ते उजेडावर अन्न बनवतं नि त्यातलं बरंचसं याला देतं, तपकिरी रंगही त्याचाच, उजेड कमी पडला किंवा पाणी तापलं की शैवाल निघून जातं आणि हा पांढराफटक. प्रवाळाचं ब्लीचिंग म्हणतात ना, तेच. टेंपरेचर किती?

मालवणी_पोरगो: 31 😬

रत्नागिरीकर: मग काय! पंखा लाव, 26 च्या आसपास आण. आणि पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी आणू नको रे, खाडीतून गोडं पाणी येऊन खारटपणा उतरतो, मी त्यातच एक घालवलाय. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) घनतेचा आकडा 1.025 हवा. लाइट चांगली घे पण हळूहळू वाढव, आधीच अशक्त आहे तो. तोवर आठवड्यातून दोनदा कोळंबीचा बारीक तुकडा दे, शैवाल नाही तर पोट कोण भरणार? रंग परतायला महिने लागतात.

खाडीकाठ: आणि दुकानातले भडक पिवळे-गुलाबी दिसले तर जपून, काही रंगवलेले असतात, आतून पांढरेच. हा गेला तर कातळावरचा उचलून आणायचा विचारही नको, मालवणला 1987 पासून सागरी अभयारण्य आहे.

मालवणी_पोरगो: नाय रे बाबा. पंखा लावलाय, आता 28.