शालीचा पुरावा कितपत धरायचा?

जॅक द रिपर म्हणजे १८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा अज्ञात खुनी. एका शालीवरच्या डीएनएमुळे आरन कॉस्मिन्स्की हा संशयितच तो ठरला, असा दावा केला जातो. मला काही ते पचत नाही. ती शाल रिपरने मायटर स्क्वेअर या चौकात मारलेल्या कॅथरीन एडोजची, सार्जंट अमॉस सिम्पसनने घरी नेलेली, ही घराण्यातली ऐकीव कथा. पण सिम्पसन मेट्रोपॉलिटन पोलिसातला, आणि मायटर स्क्वेअर पडतं सिटी पोलिसांच्या, म्हणजे सिटी ऑफ लंडनच्या वेगळ्या पोलीसदलाच्या हद्दीत! शिवाय ३० सप्टेंबर १८८८ ला पोलिसांनी केलेली तिच्या सामानाची यादी बघा: साबणाचे सहा तुकडे, चहाची डबी, साखरेची डबी, मातीचे दोन पाइप, एकच लाल हातमोजा. इतकं टिपणाऱ्याला अख्खी शाल दिसू नये? त्यात शालीवर तपासलेला डीएनए मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे फक्त आईकडून येणारा; तो असंख्य लोकांत सारखा असतो. त्यापेक्षा व्हाइटचॅपल भागातल्या गोल्स्टन स्ट्रीटला सापडलेला एडोजच्या ॲप्रनचा तुकडा मोलाचा. खुनी व्हाइटचॅपलकडे परतला, एवढं तरी त्यावरून कळतं.