तीन तास गेम खेळतो, मग लक्ष लागत नाही कसं?

मुलुंडची आई: काल निवृत्त मास्तरांनी इथे लिहिलं, ‘जो पोरगा तीन तास गेम खेळतो त्याला कसला आलाय एडीएचडी, दोन पट्ट्या द्या, ताळ्यावर येईल.’ डोकंच फिरलं वाचून. अहो, एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि मनाला आवरणं जड जातं. गेममध्ये क्षणाक्षणाला काहीतरी मिळत असतं, तिथे मनाला आवरावं लागतंय कुठे? स्ट्रूप टेस्ट माहितीये ना, ‘लाल’ शब्द हिरव्या शाईत आणि सांगायचा शाईचा रंग. तोंडातून ‘लाल’ निघायलाच बघतं, ते गिळायचं. माझा लेक खालच्या ओळींपर्यंत खुर्चीची कड दोन्ही हातांनी आवळून बसलेला, घामाघूम, एसी चालू असताना. आणि लोक म्हणणार मेहनत घेत नाही!

निवृत्त मास्तर: ताई, रागवा खुशाल. साठ-साठ पोरांचे वर्ग सांभाळलेत मी, पट्टी दिसली की सगळे चिडीचूप. तेव्हा नव्हती ही थेरपीची दुकानं.

हृषी ठाणेकर: सर, चिडीचूप बसला म्हणजे डोक्यात शिरलं असं नाही ना. पण ताई, तुमचंही अर्धंच. आवर घालता न येणं हेच मूळ, हे मानसशास्त्रज्ञ बार्कलीने 1997 मध्ये मांडलं, पण स्टॉप-सिग्नलसारख्या टेस्टमध्ये (‘थांब’ची खूण आली की बटणावरचा हात आवरायचा) एडीएचडीची सगळीच मुलं कमी पडत नाहीत. सोनुगा-बार्क हा दुसरा संशोधक म्हणतो काहींना वाट बघणंच सोसत नाही, तिसरा सार्जंट म्हणतो कामाला लागणारा जोर टिकवणं जमत नाही. म्हणून तर तोच पोरगा आज धडाधड गणितं सोडवतो आणि उद्या त्याच पानावर अडतो.

चाळकरी: ते सगळं राहू दे, दहावीला लर्निंग डिसॅबिलिटीच्या (वाचणं, लिहिणं, गणित जड जाण्याच्या) सर्टिफिकेटवर तासाला 20 मिनिटं जादा मिळतात त्याचं बोला. आमच्या बिल्डिंगमधल्या एकाने नववीपर्यंत कधी नाव काढलं नाही, दहावीला बरोब्बर सर्टिफिकेट हजर!

मुलुंडची आई: हजर?? पालिकेच्या हॉस्पिटलात सकाळी सातपासून लाइन लावा, वर ‘मशीन बंद, पुढच्या महिन्यात या’ ऐका, मग बोला. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत लर्निंग डिसॅबिलिटी आहे, एडीएचडी वेगळं नाहीच. नुसतं एडीएचडी असलेल्या पोराने कुठे जायचं?

चाळकरी: म्हणजे खोटी सर्टिफिकेटं निघतच नाहीत म्हणता?

मुलुंडची आई: निघत असतील, त्याची शिक्षा माझ्या पोराला का? तुमचं पोर रांगेत उभं राहिलं असतं ना, तर ही भाषा निघाली नसती.

चाळकरी: पोरांवर जाऊ नका हां. माझी मुलगी दोन मार्कांनी राहिली रुपारेल कॉलेजला, कुठलेही जादा मिनिट न घेता.

हृषी ठाणेकर: दोन मार्कांचा आणि त्या 20 मिनिटांचा काय संबंध राव?

निवृत्त मास्तर: बरं, पट्टी मागे घेतो, खूश? पण पहिल्या बाकावर बसवणं, पाच-पाच गणितं तोडून देणं, मध्येच खडू आणायला पिटाळणं, हे आम्ही तुमच्या त्या सार्जंटला न विचारता करत होतो. फुकटात.

मुलुंडची आई: मग काल हे लिहायला काय झालं होतं सर!

चाळकरी: सर्टिफिकेटचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.