पहिलीच्या इंग्रजीच्या टाचणात ‘अक्षर ए’ कधी यावं?

ओसरी
आमची शाळा द्विशिक्षकी. पहिली-दुसरी माझ्याकडे, एकाच खोलीत. या वर्षी पहिलीच्या इंग्रजीत दिवाळीपर्यंत एबीसीडी घ्यायचीच नाही, असं ठरवलं. फक्त ऐका आणि करा. आठवड्याला पाचच आज्ञा: स्टँड अप, टच द डोअर, वॉक, जंप, सिट डाउन. सोमवारी मी बोलते आणि करूनही दाखवते. बुधवारी मी हात बांधून नुसती बोलते. शुक्रवारी पोरं आज्ञा देतात. पद्धत माझी नाही, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी ती १९६०च्या दशकात मांडली.

तीन आठवडे तोंड न उघडलेला एक मुलगा परवा एकदम ओरडला, “टच द बाई!” सगळा वर्ग माझ्या पदराला येऊन लटकला.

पण टाचण, म्हणजे तासाला काय घ्यायचं त्याचं लेखी नियोजन, बघताना साहेबांनी विचारलं, यात ‘अक्षर ए’ कुठाय? तुम्ही काय करता?

जुना खडू
बाई, गंमत छान आहे, पण साहेबांचं चुकलं असं मला वाटत नाही. सन २००० मध्ये इंग्रजी पहिलीपासून आलं. त्याआधी आम्ही ते पाचवीत सुरू करायचो. चार रेघी वही, पहिला महिना नुसतं गिरवणं. तरी पोरं दिवाळीपर्यंत धडा वाचायची. उड्या मारून वाचन येत नाही. दुसरी संपताना पोराला एक ओळ वाचता आली नाही, तर तुमचा खेळ होईल आणि त्याचं वर्ष जाईल.

दोन पोरांची आई
मी शिक्षिका नाही, तरी बोलते. शेजारचा मुलगा व्हॅनने इंग्रजी शाळेत जातो आणि पाहुण्यांपुढे ‘ए फॉर ॲपल’ घडाघडा म्हणतो. माझा गप्प. सासूबाई लगेच म्हणतात, झेडपीत काय शिकवतात कोण जाणे. टाचणात आमच्या या दुखण्यालाही जागा ठेवा. बाकी, तो शेजारचा ‘मेआयगोटूटॉयलेट’ एका दमात म्हणतो आणि त्यातला ‘गो’ कुठला विचारलं की बावरतो, हेही खरं.

नदीकाठ
दोन्ही बाजू मला अर्ध्याच पटतात. अक्षरं घ्या, पण ए-बी-सी या क्रमाने कशाला? अक्षराचं नाव वाचायला कामी येत नाही, आवाज येतो. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आवाजानं शिकवली की सॅट, पिन, टॅप, नॅप, टिन असे कितीतरी शब्द पोरं स्वतः जुळवतात. आपल्या पोरांना तर हे सोपं जातं. चौदाखडीत ॲ आणि ऑ त्यांना भेटलेले असतात, आणि क ला काना का ही जुळवाजुळव हातात बसलेली असते. अडतं ते पुढे. माझ्या दुसरीतल्या मुलीने कॅट आणि किंग शेजारी लिहिलेले बघून विचारलं, “सर, दोन क कशाला?” पाठीमागे कुणीतरी म्हणालं, एक हरवला तर असू दे.

एक मात्र नको. शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. पोरं तेवढंच वाचतात, वरची इंग्रजी नक्षी होऊन बसते.

जुना खडू
@नदीकाठ, हे पटलं. आमची पाचवीतली पोरं पटकन वाचायला लागायची ती गिरवण्यानं नव्हे बहुधा. त्यांना मराठी वाचता येत होतं. पण मग ओसरीबाईंच्या पहिलीला तेही येत नाही, त्याचं काय?

ओसरी
म्हणूनच थांबले होते, सर. पण ‘वर्ष जाईल’ हे तुमचं वाक्य लागलं. पहिलीचं मराठी वाचन जरा बसलं की ती सहा अक्षरं घेते, दिवाळीची वाट बघत नाही. @आई, गुरुवारी शाळा सुटताना या. तुमच्यासमोर मुलगा आज्ञा देईल, तुम्ही उठाबशा काढा. सासूबाईंनाही आणा.

खरी अडचण कुणीच विचारली नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात पहिली उड्या मारते, तेव्हा दुसरीने काय करायचं? माझं निम्मं टाचण त्यातच जातं. सध्या दुसरीला चित्रकार्डांच्या जोड्या लावायला देते. सात मिनिटांत संपतं, मग तेही येऊन उड्या मारतात. वीस मिनिटं पुरेल असं काही कुणाकडे आहे का?

नदीकाठ
दुसरीतल्या दोघांना पहिलीचे बाई-गुरुजी करा. बाकीच्यांना त्या आज्ञांची चित्रं काढून खाली शब्द लिहू द्या. माझ्याकडे पंधरा मिनिटं पुरतं. वीस नाही पुरत.