बाथरूमचं पाणी संडासला आणि झाडांना वापरायचंय, फरशी फोडायच्या आधी सल्ला हवा

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही लातूरला राहतो. बैठं घर, पाच माणसं. नळाला रोज पाणी नसतं आणि उन्हाळा लागला की बोअर गुळण्या टाकायला लागतं. पुढच्या महिन्यात बाथरूमची फरशी बदलायची आहे. गवंडी म्हणतो, आहे त्याच पाइपावर नवी फरशी बसवून देतो. मला वाटतं, फोडतोच आहोत तर आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी वेगळं काढावं. परसात दोन नारळ, केळी, कढीपत्ता आणि थोडी मेथी-कोथिंबीर आहे.
सासूबाईंना वासाची धास्ती आहे. शेजारचे म्हणतात, साबणाच्या पाण्यानं झाडं मरतात. एक विक्रेता सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र गळ्यात मारायला बघतोय. काय करू? आणि आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना चालेल का?

हिरवी_गच्ची
आरओचं पाणी देण्याआधी त्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. आमच्या बोअरचा १२०० आहे, त्यामुळे आरओनं बाहेर टाकलेलं पाणी १६०० च्या वर जातं. कुंड्यांत पांढरा थर धरतो आणि पानांच्या कडा करपतात. आम्ही ते फरशी पुसायला आणि संडासला वापरतो. मूळ पाणी नळाचं, कमी क्षारांचं असेल तर झाडांना हरकत नाही.

पाऊणइंची
ताई, यंत्र घेऊ नका. तो पैसा फरशीखालच्या पाइपात घाला. मी लातूरातच प्लंबिंगची कामं करतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. जवळजवळ साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आणावं लागलेलं हे गाव, आणि आजही इथं नव्या घरात बाथरूमचा पाइप आणि संडासचा पाइप एकाच चेंबरात सोडतात. मला याचा फार राग येतो. एकदा का दोन्ही पाणी मिसळलं की ते घरच्या कामाचं राहत नाही. म्हणून गवंड्याला आत्ताच ठणकावून सांगा, नाणी ट्रॅपपासून (बाथरूमच्या फरशीत पाणी जायचं जाळीचं तोंड असतं तिथून) वेगळी लाइन हवी.

ही लाइन घराबाहेर एका छोट्या चेंबरात आणा. चेंबरच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा, हातानं उचलता येईल अशी. केस आणि साबणाचे तुकडे तिथंच अडले पाहिजेत; पुढं गेले तर पाइप तुंबलाच समजा. पुढं दोन वाटा करा, एक झाडांकडे, एक ड्रेनेजकडे, आणि दोन्हीवर कॉक. पावसाळ्यात झाडांची वाट बंद. ढाळ दर पाच फुटांना इंचभर तरी हवा, आणि तो तुम्ही स्वतः उभं राहून बघा. फरशी बसल्यावर ढाळ कुणाला दिसत नाही.

वासाबद्दल सासूबाईंचं बरोबर आहे. साबण, अंगाचा मळ, तेल हे सगळं जंतूंचं खाद्य. आपल्याकडच्या मे महिन्यात सकाळचं पाणी संध्याकाळपर्यंत उग्र होतं. त्यामुळे साठवायचंच नाही. दिवसाचं पाणी त्याच दिवशी संपवायचं, चोवीस तासांपलीकडे ठेवायचं नाही. संडासच्या बाहेर कॉकवालं एक टिपाड ठेवा आणि बादलीनं थेट भांड्यात ओता. फ्लशच्या टाकीत हे पाणी भरू नका, आतल्या रबरी वायसरवर साबणाचा चिकट थर बसतो आणि टाकी गळायला लागते. पंप लावून वर टाकी करायचीच असेल तर ती वेगळी, पाइप वेगळ्या रंगाचा, आणि घरच्या पाण्याच्या टाकीशी त्याची कुठंही गाठ नको. मध्ये कॉक ठेवू असं गवंडी म्हणेल. ऐकू नका. कॉक कधीतरी उघडा राहतो आणि तेच पाणी प्यायच्या नळाला येतं.

हे कशासाठी करायचं? घराच्या पाण्याचा हिशेब करताना माणशी १३५ लिटर धरतात, त्यातले ४५ लिटर एकट्या फ्लशचे. तुमच्या घरी पाच माणसांचे सव्वादोनशे लिटर झाले, रोजचे, तेही चांगल्या पाण्याचे.

आता कपड्यांचं. मशीन सेमी ऑटोमॅटिक असेल तर शेवटचं खळबळलेलं पाणी टाकू नका, त्यातच पुढचे कपडे भिजवा. पावडरचं पहिलं फेसाळ पाणी संडासला, त्यानंतरचं खळबळल्याचं पाणी झाडांना. शेजारी म्हणतात ते अगदीच खोटं नाही. पावडरीत सोडियमचे क्षार असतात आणि आपली जमीन काळी. सोडियम साठत गेला की ही माती वरून कडक पापुद्रा धरते आणि पाणी आत मुरत नाही. नारळ-केळीला आंघोळीचं पाणी खुशाल द्या, पण आळं बदलत राहा. मेथी-कोथिंबिरीला अजिबात नको, पानं आपण खातो. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी या लाइनला जोडू नका. डाळ-तांदूळ धुतलेलं मात्र झाडांना द्या.

वैदर्भीय
काका म्हणतात ते शहरालाही लागू आहे. आमच्या नागपुरात भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देतात. १३ कोटी लिटर रोजची क्षमता आहे. नाहीतर तेवढं पाणी धरणातून उचलावं लागलं असतं. आणि सासूबाईंना हेही सांगा, नामिबियातलं विंडहोक शहर १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतंय. तुम्ही तर फक्त संडासला वापरणार!

मांजराकाठ
काका, खूप आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. टिपाड चालेल म्हणाल्या, झाकण मात्र घट्ट हवं. एक अडचण: ड्रेनेजचं चेंबर घरापुढं आहे आणि परस मागं. बाथरूमची मागची भिंत परसाला लागून आहे, पण परसाची जमीन बाथरूमपेक्षा वीतभर उंच आहे.

पाऊणइंची
झाकणाचं सासूबाईंनी बरोबर सांगितलं, डासांसाठी ते लागतंच.
वीतभर उंच असेल तर पाइप झाडांपर्यंत आपोआप जाणार नाही. ओढून-ताणून ढाळ देऊ नका, पाणी उलटं बाथरूममध्ये तुंबेल. मागच्या भिंतीतून लाइन बाहेर काढा, भिंतीपलीकडे परसात खड्डा घेऊन सिमेंटचं चेंबर बसवा, बादली बुडेल एवढं खोल. त्याच्या वरच्या अंगाला, पण आतल्या फरशीच्या पातळीखाली, जादा पाणी ड्रेनेजकडे जायला पाइप ठेवा. तो घराच्या बाजूनं पुढच्या चेंबरापर्यंत न्यावा लागेल. त्याचा ढाळ आधी लेव्हल ट्यूबनं (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं) तपासून घ्या. टिपाडाऐवजी याच चेंबरातून बादलीनं उपसा, झाडांना आणि संडासला दोन्हीकडे. लोखंडी झाकण टाका, घरात लहान मूल असेल तर कडी-कुलपासकट. खड्डा पायापासून दोन फूट तरी लांब घ्या आणि चेंबरला आतून वॉटरप्रूफ गिलावा करायला लावा. फरशी उचकटली की ढाळाचा फोटो इथं टाका, बघून सांगतो.