मदत हवी आहे: संस्थेने १०बीडी (प्राप्तिकर विभागाला द्यायचा देणग्यांचा तपशील) न भरल्यामुळे ८०जीची (देणगीवरील) वजावट नामंजूर

आर्थिक वर्ष २०२३-२४ मध्ये मी एका धर्मादाय संस्थेला धनादेशाने २५,००० रुपये देणगी दिली आणि जुन्या करप्रणालीनुसार विवरणपत्रात कलम ८०जीखाली तिच्या निम्म्या रकमेची वजावट घेतली. संस्थेने १०बीडी तपशील भरला नसल्यामुळे मला १०बीई (देणगीचे) प्रमाणपत्र मिळालेले नाही, आणि आता विवरणपत्र तपासून प्राप्तिकर विभागाने पाठवलेल्या कलम १४३(१) च्या सूचनेत वजावट नाकारून कराची मागणी काढली आहे. नोंदणी क्रमांक असलेली शिक्क्याची पावती (तीवर ‘करसवलतीस पात्र’ असे ठळक छापलेले आहे, हे विशेष) आणि बँकेचा उतारा माझ्याकडे आहे. पोर्टलवर मागणीशी असहमतीही नोंदवली आहे. दिवसाला २०० रुपये विलंबशुल्क सोसून संस्था आता तपशील भरायला तयार आहे. तसे झाल्यास कलम १५४खाली दुरुस्तीचा अर्ज पुरेल, की अपिलाची ३० दिवसांची मुदत उलटण्याआधी तेही दाखल करून ठेवावे?